ग्वाल्हेरचा मुक्काम वाढला

नवऱ्याच्या बदलीची ऑर्डर आली त्या संध्याकाळी आमच्या वडोदऱ्याच्या घरात कुणी फारसं बोललं नाही. बँकेतली नोकरी म्हटली की बदली आलीच, हे लग्नाआधीच ठाऊक होतं. पण आम्ही मनात धरलं होतं पुणं, फार तर मुंबई. आलं ग्वाल्हेर. सासूबाईंनी विचारलं, "तिकडे थंडी फार असते ना गं?" दिरांनी चंबळच्या डाकूंवरून दोन विनोद केले. मी मोबाइलवर लेकीसाठी शाळा शोधायला बसले. ठरलं असं की तीन वर्षं कशीबशी काढायची. सामान निम्मंच न्यायचं, उरलेलं माळ्यावर ठेवायचं.

यंदा ती तीन वर्षं पूर्ण झाली. परतीचा अर्ज करायची मुदत आली आणि गेली. आम्ही अर्ज केला नाही. उलट माळ्यावरचं सामान मागवून घेतलं. घरचे अजून फोनवर विचारतात, "एवढं काय आहे त्या ग्वाल्हेरात?" दर वेळी दोन वाक्यांत उत्तर देऊन माझंच समाधान होत नाही. म्हणून हे जरा सविस्तर.

न हललेला तळ

आम्ही राहतो लष्कर भागात. हे नाव ऐकून मला वाटलं होतं, सैन्याची वसाहत असेल. घरमालक काकांनी पहिल्याच दिवशी चहा देता देता समजावलं. ग्वाल्हेर म्हणजे किल्ल्याच्या भोवती वाढलेली तीन गावं: उत्तरेला जुनं ग्वाल्हेर, पूर्वेला मुरार आणि दक्षिणेला लष्कर. दौलतराव शिंद्यांच्या सैन्याचा तळ १८१० मध्ये किल्ल्याच्या दक्षिणेला पडला. सैन्यामागोमाग कारकून आले, भिक्षुक आले, सोनार, आचारी, बायकामुलं आली. तंबूंच्या जागी वाडे झाले, बाजार बसले. शहर झालं, पण नाव राहिलं लष्कर.

त्या तळाच्या खुणा इथल्या पत्त्यांत आहेत. चिटनीस की गोठ, निंबाळकर की गोठ, बक्षी की गोठ, शिंदे की छावनी, कंपू. ही 'गोठ' म्हणजे गाईगुरांचा गोठा असेल असं मी बरेच दिवस समजत होते. मग लक्षात आलं, हा तर आपला 'गोट'! 'शत्रूच्या गोटात' म्हणतो तो. कोणत्या सरदाराचा गोट कुठे होता, ते दोनशे वर्षांनंतरही पार्सल आणणारा मुलगा फोनवर विचारतो: "मॅडम, गोठ में किस तरफ?" त्या मुलाला मराठी येत नाही, पण दिवसभर तो मराठ्यांच्या छावणीचा नकाशा घेऊन फिरत असतो.

शहराचा मध्य म्हणजे महाराज बाडा. बाडा म्हणजे अर्थातच वाडा. एका गोल चौकाभोवती टाउन हॉल, व्हिक्टोरिया मार्केट, पोस्ट ऑफिस अशा इमारती उभ्या आहेत आणि एकीची घडण दुसरीसारखी नाही. शेजारीच सराफा, आणि त्यातल्या घरांचे कोरीव दगडी सज्जे. आमच्याकडे वडोदऱ्यालाही राजवाडे आहेत, त्यामुळे जयविलास महालाचं मला फार अप्रूप वाटणार नाही अशी खात्री होती. १८७४ मध्ये बांधलेल्या त्या महालाच्या दरबार हॉलमधली दोन अवाढव्य झुंबरं पाहिली आणि मान वर करून उभीच राहिले. छत ती पेलेल का हे बघायला आधी छतावर हत्ती चढवले होते, असं इथला प्रत्येक जण सांगतो. जेवणाच्या टेबलावर पाहुण्यांपर्यंत पेयं पोचवणारी चांदीची आगगाडीही तिथे आहे. मुलं सगळ्यात जास्त वेळ तिच्यापाशीच रेंगाळतात.

शून्य, आणि रोजच्या पन्नास माळा

किल्ला शहराच्या मधोमध, टेकडीवर. आमच्या गच्चीतून दिसतो, भाजी आणायला निघालं तरी दिसतो. सुरुवातीला त्याचा फोटो काढून सगळ्यांना पाठवायचे. आता तो घरातल्या मोठ्या माणसासारखा झालाय. लक्ष द्यावं लागत नाही, पण नसला तर चुकल्यासारखं होईल.

वर राजा मानसिंह तोमरचा महाल आहे. १४८६ ते १५१६ ही त्याची कारकीर्द. दगडी भिंतीवर निळ्या, पिवळ्या, हिरव्या चकचकीत फरशा, त्यात ओळीने बदकं, हत्ती, केळीची झाडं. एवढ्या मोठ्या किल्ल्यावर बदकांची रांग काढणारा राजा मला एकदम आवडून गेला. शिवाय सास-बहू मंदिरं, उंचच उंच तेली का मंदिर, आणि शिखांचे सहावे गुरू हरगोविंद यांना जहांगीरने इथे कैदेत ठेवलं होतं त्या जागेचा गुरुद्वारा. उरवाई दरवाज्याच्या घाटात डोंगर कोरून काढलेल्या जैन तीर्थंकरांच्या मूर्ती आहेत. त्यातली एक पन्नास फुटांहून उंच.

पण माझी आवडती जागा यातली कुठलीच नाही. पूर्वेकडच्या वाटेने चढताना एका वळणावर एकाच खडकातून कोरलेलं छोटंसं चतुर्भुज मंदिर लागतं. बहुतेक जण न थांबता पुढे जातात. आत इसवी सन ८७६ चा शिलालेख आहे. देवाच्या फुलबागेसाठी २७० हात लांब आणि १८७ हात रुंद जमीन दिली आणि रोज ५० माळांची सोय केली, असं त्यात नोंदवलंय. त्या २७० आणि ५० मधलं शून्य आपण काढतो तसंच गोल आहे. ज्यांचा काळ नक्की ठाऊक आहे अशा भारतातल्या सगळ्यात जुन्या शून्यांपैकी हे एक.

लेकीला गणिताचा कंटाळा. तिला तिथे नेऊन ते शून्य दाखवलं. ती म्हणाली, "आई, हे तर फुलवाल्याचं बिल आहे!" बरोबरच होतं तिचं. जगभरातले गणितज्ञ ज्या शून्यासाठी इथे येतात, ते कुणीतरी देवाच्या फुलांचा हिशेब चोख राहावा म्हणून कोरलं होतं.

आपलं गाणं इथून आलं

आता खरी गोष्ट. तुमच्यापैकी किती जणांनी लहानपणी गाण्याची किंवा तबल्याची प्रारंभिक, प्रवेशिका अशी परीक्षा दिली आहे? बेळगाव असो, मडगाव असो, इंदूर असो, मराठी घरातल्या निम्म्या मुलांनी तरी दिलेली असते. मीही दिली होती, आईच्या धाकाने. त्या परीक्षेचा धागा कुठे जाऊन पोचतो हे मात्र मला इथे आल्यावर कळलं.

लखनौहून ग्वाल्हेरला आलेल्या नत्थन पीरबख्श यांचे नातू हद्दू खाँ आणि हस्सू खाँ शिंद्यांच्या दरबारी गायचे. त्यांच्यापासून ग्वाल्हेर घराणं नावारूपाला आलं. हस्सू खाँचे शिष्य वासुदेवबुवा जोशी, आणि त्यांच्याकडे शिकायला आलेले बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर. हे बुवा विद्या घेऊन महाराष्ट्रात परतले आणि मिरजेला त्यांच्याकडे विष्णु दिगंबर पलुस्कर शिकले. पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. आपण देतो त्या परीक्षा त्याच परंपरेतल्या. सावंतवाडीकडचे रामकृष्णबुवा वझेही तरुणपणी ग्वाल्हेरला आले आणि निसार हुसेन खाँकडे शिकले. हैदराबादच्या वाचकांना मालिनी राजूरकर आठवत असतील. त्यांचा टप्पा म्हणजे याच घराण्याचं लेणं.

यातली मला सगळ्यात भावलेली गोष्ट निसार हुसेन खाँची. दरबार सुटल्यावर ते शंकरराव पंडित यांच्या घरी राहायला आले आणि त्या मराठी ब्राह्मण घरात राहून त्यांनी घरातल्या मुलांना गाणं दिलं. शंकररावांचे चिरंजीव कृष्णराव पंडित हे पुढे या घराण्याचे मोठे गवई झाले. १८९३ ते १९८९ असं दीर्घ आयुष्य त्यांना लाभलं, आणि विशीत असतानाच, १९१४ मध्ये, त्यांनी इथे शंकर गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. चारच वर्षांनी भातखंड्यांच्या पुढाकाराने माधव संगीत विद्यालय निघालं. आज इथे संगीत आणि कलांचं स्वतंत्र विद्यापीठ आहे, आणि २०२३ मध्ये युनेस्कोने ग्वाल्हेरला 'संगीताचं शहर' म्हणून आपल्या यादीत घेतलं.

मी लहानपणापासून ऐकत आले होते की मराठी माणसांनी उत्तरेत जाऊन राज्य केलं, वाडे बांधले, गणपती बसवले. म्हणजे आपण दिलं. ग्वाल्हेरात राहून कळलं की घेतलंही खूप. मिरज, पुणे, मुंबईत ज्या गायकीला आपण 'आपलं शास्त्रीय संगीत' म्हणतो, तिची एक मोठी मुळी इथल्या गल्ल्यांत आहे, आणि ती दिली ती उस्तादांनी.

डिसेंबरात तानसेन समारोह होतो. १९२४ पासून चालत आलेला हा उत्सव आहे आणि गाणं ऐकायला तिकीट नाही. भरतो तो तानसेनच्या समाधीपाशी. जवळच त्याचे गुरू मानले जाणारे सूफी संत मुहम्मद गौस यांचा भव्य मकबरा, दगडाच्या नाजूक जाळ्यांचा. त्यामानाने तानसेनची समाधी अगदी साधी, एका ओट्यावर. पहिल्या दिवशी सकाळी सनई होते. मग ढोलीबुवा मठाचे महाराज हरिकथा करतात आणि त्यानंतर मिलाद होतो. पहिल्या वर्षी आम्ही शाली गुंडाळून, धुक्यात, सकाळी सकाळी पोचलो. माझ्या एका बाजूला लष्करातल्या नऊवारीतल्या आजी, दुसऱ्या बाजूला टोपी घातलेले एक आजोबा. हरिकथा दोघांनीही ऐकली, मिलादही दोघांनी ऐकला. कुणी त्याचं कौतुक करत नव्हतं, कारण इथे ते दरवर्षीचंच आहे.

दहा-पंधरा मिनिटांचं शहर

२०११ च्या जनगणनेत शहराची वस्ती साधारण साडेदहा लाख होती. म्हणजे खेडं नाही आणि महानगरही नाही. याचा रोजच्या जगण्यात काय फरक पडतो? शाळा, नवऱ्याची बँक, भाजी, डॉक्टर, गाण्याचा क्लास, सगळं दहा-पंधरा मिनिटांवर. नवरा जेवायला घरी येतो. लेक आणि बाबा आठवड्यातून पाच दिवस एका ताटाशेजारी ताट घेऊन दुपारचं जेवतात, हे मी माझ्या मुंबईच्या बहिणीला सांगते तेव्हा तिला ते खरंच वाटत नाही.

इथली सकाळ बेडई, कचोरी आणि जिलबीने होते. हिवाळ्यात गजक. गुळाचा किंवा साखरेचा पाक ओढून ओढून हलका करतात, त्यात भाजलेले तीळ घालून लाकडी हातोड्यांनी कुटतात. शेजारच्या मुरैन्याची गजक तर प्रसिद्धच. आमच्या काकू संक्रांतीला तिळगुळाच्या वाटीत गजकेचे तुकडे ठेवतात आणि "गोड बोला" म्हणतात. दोनशे वर्षांत तिळगूळ एवढा तर बदलायचाच.

मराठीही अशीच बदलली आहे. काकू "वरण बनवलं" म्हणतात, "ताट लावते" म्हणतात. सुरुवातीला मला हसू यायचं. मग एकदा काकूंनी सांगितलं की पुण्याला धाकट्या मुलाकडे गेल्या असताना सोसायटीतल्या एका बाईने त्यांना विचारलं, "तुम्ही मराठीच ना? मग असं का बोलता?" त्यानंतर त्या महिनाभर खाली भिशीला गेल्याच नाहीत. ते ऐकलं आणि मला माझीच लाज वाटली. वडोदऱ्याची माझी मराठी तरी कुठे पुण्याची आहे? आमच्याही बोलण्यात गुजराती डोकावतेच. राजकवी भा. रा. तांबे याच ग्वाल्हेर संस्थानातले. त्यांच्या कविता लता मंगेशकरांच्या आवाजात अख्खा महाराष्ट्र ऐकतो, तेव्हा कुणी विचारत नाही की हे मराठी कुठलं.

गैरसोयीही सांगते

सगळं गोडच सांगितलं तर तुमचा विश्वास बसणार नाही. मे-जूनमध्ये पारा ४५ च्या वर जातो आणि दुपारी रस्ते ओस पडतात. जानेवारीत धुकं असं की गाड्या तासन्‌तास उशिरा. बाड्यावरची सणासुदीची गर्दी म्हणजे परीक्षाच. बोलण्यात इथली माणसं रोखठोक, पहिल्यांदा भांडतायत असंच वाटतं. आणि हो, खांद्यावर बंदूक अडकवून बाजारात आलेला माणूस दिसतो. दिरांचा विनोद अगदीच वाया गेला नाही. पहिल्यांदा मी लेकीला जवळ ओढलं होतं. ते गृहस्थ तिच्यासाठी दार धरून उभे होते.

इतिहासातही अवघड जागा आहेत. फूलबागेजवळ झाशीच्या राणीची समाधी आहे. जून १८५८ मध्ये तिने इथेच प्राण सोडले. तेव्हा जयाजीराव शिंदे इंग्रजांच्या बाजूला होते. राणीची समाधी आणि शिंद्यांचा महाल, दोन्ही एकाच शहरात, थोड्याच अंतरावर. लेकीने विचारलं, "मग यातलं आपलं कोण?" मी म्हटलं, दोघंही मराठी बोलत होते, पण म्हणून दोघांचं वागणं सारखं होत नाही. याहून चांगलं उत्तर मला अजून सुचलेलं नाही.

सगळ्यात मोठी अडचण मात्र कामाची. एकेकाळी इथल्या कापड गिरण्या हजारो घरं चालवत होत्या, त्या बंद पडल्या. शिकलेली मुलं नोएडा, पुणे, बंगळूरला जातात. आमच्या काकांचे दोन्ही मुलगेही गेलेत. त्यांचं हे घर पाच पिढ्यांचं. पुढच्या खोलीत काकांच्या आजोबांच्या काळापासून दर गुरुवारी भजन असायचं. आता माणसं जमत नाहीत म्हणून महिन्यातून एकदा. एक बिल्डर दोनदा येऊन गेला. मुलांचं म्हणणं चुकीचं नाही: वय झालंय, जिना चढवत नाही, पुण्याला या. काकांनी मला विचारलं, "तू सांग, काय करू?" मी काय सांगणार? भाडेकरूने सांगायची गोष्ट नाही ती. मी एवढंच म्हटलं, "आम्ही अजून तीन वर्षं आहोत." काकांनी मान हलवली आणि दिवाळीनंतर बघू म्हणाले. दुसऱ्या दिवशी पुढच्या खोलीतला तंबोरा त्यांनी तारा बदलायला पाठवला.

सध्या संध्याकाळी त्या खोलीत माझी लेक रियाज करते. यमन चाललाय, अजून बेसूरच. काकू स्वयंपाकघरातून "निषाद बघ गं" असं ओरडतात.

यायचं ठरवलंत तर

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. समारोहाच्या तारखा आधी बघून डिसेंबरात आलात तर उत्तमच. दिल्लीहून जलद गाडीने साडेतीन-चार तास, आग्रा तर सव्वाशे किलोमीटरच्या आत. तीन दिवस हाताशी ठेवा. एक दिवस किल्ला, पण सकाळी लवकर आणि पूर्वेच्या वाटेने पायी, म्हणजे ते शून्य चुकणार नाही. पायथ्याच्या गुजरी महालात वस्तुसंग्रहालय आहे. दुसरा दिवस लष्कर, जयविलास, राणीची समाधी आणि संध्याकाळी तानसेन. उस्ताद अमजद अली खाँचं वडिलोपार्जित घर आता 'सरोद घर' नावाचं वाद्यांचं संग्रहालय आहे, तेही बघा. तिसऱ्या दिवशी मुरैन्याकडे जा. मितावलीचं वर्तुळाकार चौसष्ट योगिनी मंदिर आणि बटेश्वरची देवळं आहेत. बटेश्वरला नुसता दगडांचा ढीग उरला होता. २००५ पासून पुरातत्त्व खात्याच्या के. के. मुहम्मद यांनी दगडाला दगड जुळवून त्यातली कितीतरी देवळं पुन्हा उभी केली.

आणि एक करा. आपल्या घरातल्या मोठ्यांना विचारून बघा, ग्वाल्हेरला आपलं कुणी होतं का. मीही आईला विचारलं. तिच्या आत्येआजीचं सासर इथलंच निघालं, दौलतगंजातलं. घर सापडलं नाही, पण गल्ली सापडली. कोपऱ्यावरच्या जिलबीवाल्याने त्या आडनावाचे लोक "बहुत पहले" तिथे राहायचे असं सांगितलं. एवढ्यावरच आई पुढच्या हिवाळ्यात यायचं म्हणते आहे. येताना माळ्यावरचा शेवटचा ट्रंकही आणते म्हणाली.